मामा तलावांवरील संशोधन प्रकल्पासाठी इंटरनेटवर नेमका शोध कसा घ्यावा?

बोडीकाठ (एम.ए. भूगोल, द्वितीय वर्ष, अर्जुनी-मोरगाव तालुका)

सर्वांना नमस्कार. आम्हाला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प सादर करावा लागतो. मी माजी मालगुजारी तलाव (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले तलाव), म्हणजे आपल्याकडे ज्यांना मामा तलाव म्हणतात, त्यांच्या पाण्याची वाटणी आणि तेथील मच्छीमार सहकारी संस्था हा विषय घेतला आहे. आमच्या गावाचे धान आणि ढिवर समाजाची मासेमारी दोन्ही याच तलावांवर अवलंबून असल्यामुळे विषय माझ्या अगदी जवळचा आहे आणि त्यावर चांगले काम व्हावे अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण संदर्भसाहित्याची आहे. गूगलवर 'मामा तलाव' असे टाकले की तलावात बुडून मृत्यू, तलावाची पाळ फुटली, पालकमंत्र्यांनी पाहणी केली अशा बातम्यांची रांग लागते. इंग्रजीत टाकले तर 'मामा' या शब्दामुळे भलतेच निकाल येतात. मार्गदर्शक मॅडम म्हणतात की बातम्या आणि ब्लॉग चालणार नाहीत, प्रमाणित शोधनिबंध आणि मूळ कागदपत्रे हवीत. पण जो शोधनिबंध कामाचा वाटतो तो उघडताना पैसे मागतो. माझ्याकडे मोबाइल आहे, गावात नेटवर्क येते-जाते आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर मोजकाच वेळ मिळतो. त्या वेळेत काय शोधावे, कुठे शोधावे आणि कोणत्या क्रमाने शोधावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

---

ग्रंथपाल_वर्धा

नमस्कार. विषय उत्तम आहे आणि तुमची अडचण आमच्या ग्रंथालयात दर वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संगणकासमोर बसण्याआधी वहीचे एक पान घ्या आणि आपल्या विषयावर आजवर कोणी लिहिले असेल, याचा विचार करा. मामा तलावांवर पाटबंधारे खात्याने लिहिले असेल, भूगोल आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी लिहिले असेल, मत्स्यव्यवसायाच्या अभ्यासकांनी लिहिले असेल आणि पक्षी-अभ्यासकांनीही लिहिले असेल, कारण महाराष्ट्रातील सारस पक्षी मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात उरले असून त्यांचा अधिवास याच तलावांभोवती आणि धानाच्या बांध्यांत आहे. यांपैकी प्रत्येक जण तलावाला आपापल्या शाखेच्या शब्दांत संबोधतो. पाटबंधारे अभियंता 'लघुसिंचन तलाव' लिहील, अर्थशास्त्रज्ञ त्याला सामायिक संसाधन म्हणेल, पक्षी-अभ्यासकाच्या शीर्षकात तलावाचा उल्लेख नसेल, सारसाचे लॅटिन नाव मात्र असेल. असे दहा-पंधरा शब्द आधी मराठी आणि इंग्रजीत लिहून काढा. ग्रंथालयातील मोजका वेळ वाया जातो तो या तयारीविना बसल्यामुळे.

इंग्रजी लेखनातील भेदही त्याच पानावर नोंदवा. 'मालगुजारी' हा शब्द काही जण 'जे' घालून लिहितात, काही 'झेड' घालून. 'तलाव' हा कुठे 'तलाव' असतो, कुठे 'तलाब', तर बहुतांश शोधनिबंधांत नुसता 'टँक'. सर्वांत उपयोगी पडणारा शब्दप्रयोग 'एक्स-मालगुजारी टँक्स' हा आहे; तो रोमन लिपीत दोन्ही प्रकारे लिहून, अवतरणचिन्हांत घालून शोधा. अवतरणचिन्हे घातली की ते शब्द त्याच क्रमाने जेथे आले आहेत तेवढीच पाने मिळतात. दोन पर्यायांपैकी कोणताही चालणार असेल तर त्यांच्यामध्ये 'ऑर' हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत लिहावा. बातम्या गाळण्यासाठी नको असलेल्या शब्दाला वजाचिन्ह जोडावे, मात्र चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडू नये. म्हणजे अवतरणात 'मामा तलाव', त्यापुढे एक मोकळी जागा आणि मग वजाचिन्हासह 'बुडून' असे लिहिले की दुर्घटनांच्या बऱ्याचशा बातम्या बाजूला पडतात. केवळ शासकीय संकेतस्थळांत शोधायचे असेल तर रोमन अक्षरांत 'साइट', त्याला चिकटून कोलन आणि लगेच 'जीओव्ही डॉट इन' लिहावे; अहवालच हवे असतील तर 'फाइलटाइप', कोलन आणि 'पीडीएफ'. एवढ्या चार-पाच खुणांनी निकाल कितीतरी आटोक्यात येतात.

मात्र साधे गूगल हे संशोधनाचे पहिले ठिकाण नव्हे. गूगल स्कॉलर ही २००४ साली सुरू झालेली स्वतंत्र सेवा आहे आणि तिच्यात मुख्यतः शोधनिबंध, प्रबंध, पुस्तके असेच साहित्य येते. तेथे एखादा चांगला निबंध सापडला की त्याच्याखालील 'साइटेड बाय' या दुव्यावर जा. त्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला आहे त्यांची यादी मिळते. निबंधाच्या शेवटची संदर्भसूची तुम्हाला मागे नेते आणि हा दुवा पुढे नेतो. एका चांगल्या निबंधापासून असे दोन्ही बाजूंना चालत गेले की आठवड्याभरात विषयाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि नुसते नवे नवे शब्द टाकून शोधत राहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी खात्रीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे ठिकाण शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या या भांडारात भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. तुमच्यासारख्या मोबाइलवर अवलंबून असणाऱ्या विद्यार्थ्यासाठी यात एक मोठी सोय आहे, ती अशी की प्रबंध एकाच मोठ्या फाइलमध्ये नसून प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत ठेवलेला असतो. म्हणून आधी अखेरची संदर्भसूचीची फाइल उतरवून घ्या. ती लहान असते, अशक्त नेटवर्कवरही उतरते, आणि एखाद्या अभ्यासकाने काही वर्षे खपून जमवलेली यादी तुमच्या हाती येते. मग पूर्वसाहित्याच्या आढाव्याचे प्रकरण उतरवावे. मराठी प्रबंधांची शीर्षके तेथे कधी देवनागरीत, तर कधी रोमन अक्षरांत नोंदवलेली असतात, तेव्हा दोन्ही लिप्यांत शोधणे आवश्यक आहे. कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी कृषिकोश हे वेगळे भांडार आहे. धानाचे सिंचन आणि गोड्या पाण्यातील मासेमारी यांवरचे काम तेथे पाहावे.

पैसे मागणाऱ्या निबंधांविषयी नंतर लिहितो. येथे या क्षेत्रात काम केलेले काही जण आहेत, त्यांचेही ऐकावे.

---

झाडीपट्टीचा_अध्यापक (इतिहास)

ग्रंथपाल महोदयांनी शब्दांची यादी करावयास सांगितले आहे, तिच्यात जुन्या प्रशासकीय नावांची भर घालणे अत्यंत गरजेचे आहे, कारण आपल्या भागाच्या बाबतीत अर्धे साहित्य त्यावाचून सापडतच नाही.

गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे त्याआधीचा कोणताही अहवाल, जनगणनेची पुस्तिका किंवा शोधनिबंध 'गोंदिया जिल्हा' या नावाने शोधल्यास मिळणार नाही. तो 'भंडारा' या नावाखाली पाहिला पाहिजे. गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून निघाला आणि चंद्रपूरचे नाव त्याआधी 'चांदा' होते. आणखी मागे गेले तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात. मालगुजारी संपुष्टात आणणारा कायदा १९५० चा आहे आणि तो मध्य प्रदेशाचा कायदा आहे. त्या कायद्याने १९५१ मध्ये तलाव शासनाकडे गेले, म्हणून तर त्यांच्यामागे 'माजी' हा शब्द लागला. या कायद्याविषयीची आणि त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांतील तलावांच्या अवस्थेविषयीची कागदपत्रे 'महाराष्ट्र' हा शब्द टाकून शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परत येतो, आणि दुर्दैवाने त्यावरून या विषयावर काही लिहिलेच गेले नाही असा निष्कर्षही काढतो.

तुमच्या तालुक्यासाठी मी सुचवीन की १९०८ साली प्रसिद्ध झालेले भंडारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर पाहावे. त्या काळी हा भाग साकोली तहसिलीत मोडत असे, तेव्हा शोध त्या नावाने घ्यावा. अर्काइव्हवर दोन प्रकारे शोधता येते : एक पुस्तकाच्या नावावरून आणि दुसरे पुस्तकांच्या आतील मजकुरातून. दुसरा पर्याय निवडून 'साकोली' आणि 'टँक' हे शब्द एकत्र टाकले तर गॅझेटिअरखेरीज इतर अहवालांतील पानेही समोर येण्याची शक्यता असते. मात्र जुनी छापील पाने यंत्राने वाचताना अक्षरांची गल्लत होते, त्यामुळे जे सापडले नाही ते तेथे नाहीच असे समजू नये; पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून सिंचन आणि कोहळी समाज यांविषयीची पाने स्वतः चाळावीत. कोहळी लोकांचे तलाव बांधण्यातील कौशल्य ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आवर्जून नोंदवले आहे आणि तो भाग वाचताना आपल्या पूर्वजांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. या नोंदी महसूल अधिकाऱ्यांनी महसुलाच्या दृष्टीने केलेल्या आहेत, हे मात्र लिहिताना ध्यानात असावे.

---

बोडीकाठ

ग्रंथपाल सर, अध्यापक सर, मनःपूर्वक आभार. जिल्ह्यांच्या जुन्या नावांचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. आपण सांगितल्याप्रमाणे शोधगंगेवर दोन प्रबंधांच्या संदर्भसूची उतरवून घेतल्या आणि त्यांतून पुष्कळ नवी नावे मिळाली.

आणखी तीन शंका आहेत. पहिली, तलावांच्या दुरुस्तीविषयीचे आणि मासेमारीच्या ठेक्याविषयीचे शासन निर्णय गूगलवर मराठीत शोधूनही सापडत नाहीत. दुसरी, पैसे मागणारे निबंध कसे मिळवावेत? तिसरी, वर्गातील काही मित्र एआयच्या चॅटबॉटला विचारून संदर्भांची यादी मागवतात. मलाही तशी एक यादी मिळाली, परंतु तिच्यातील निम्मे निबंध कोठेच सापडत नाहीत. माझ्या शोधण्यात काही उणे राहते आहे का?

---

इरईकाठची_संशोधक (पीएच.डी., चंद्रपूर)

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तीच सर्वांत घातक आहे. तुमच्या शोधण्यात काही उणे नाही. ते निबंध बहुधा अस्तित्वातच नाहीत. असे चॅटबॉट पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे याचा अंदाज घेत वाक्य रचतात, त्यामुळे लेखकाचे नाव, नियतकालिकाचे नाव, वर्ष, पृष्ठक्रमांक असे सर्व काही अगदी खरे वाटेल असे जुळवून देतात. मिळालेल्या प्रत्येक संदर्भाचे शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर तपासावे. डीओआय क्रमांक (निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) दिला असेल तर तो डीओआयच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून नेमका तोच निबंध उघडतो का, हे पाहावे. जो असा सापडत नाही आणि जो आपण स्वतः उघडून वाचलेला नाही, तो संदर्भसूचीत कदापि घालू नये. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी त्यातील एकाविषयी विचारले तर पूर्ण प्रकल्पावरचा विश्वास जातो. चॅटबॉटचा उपयोग करायचाच असेल तर ग्रंथपाल सरांनी सांगितलेल्या शब्दांच्या यादीसाठी करा. एखाद्या संकल्पनेला वेगवेगळ्या शाखांत काय म्हणतात हे तो बऱ्यापैकी सांगतो आणि त्यात चूक झाली तरी शोध घेताना ती लगेच कळते.

आता शासन निर्णय. ते गूगलवर न सापडण्याची दोन कारणे संभवतात. एक तर अनेक जुने निर्णय कागदावरून स्कॅन केलेली चित्रे आहेत. दुसरे असे की बराच मराठी मजकूर युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटांत टंकलेला आहे. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती निराळीच अक्षरे असतात, म्हणून देवनागरीत केलेला शोध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून गूगल सोडून थेट महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या पानावर जावे आणि तेथे आधी विभाग, मग तारखेचा कालावधी निवडून यादी चाळावी. तुमच्या विषयाचे निर्णय एका विभागात नाहीत : जलसंधारण आणि जलसंपदा यांच्याकडे दुरुस्ती, मत्स्यव्यवसायाच्या विभागाकडे ठेके आणि ग्रामविकासाकडे जिल्हा परिषदेच्या ताब्यातील तलाव, असे ते विखुरलेले आहेत. कालावधी ठरवण्यासाठी योजनांचा आधार घ्या. जलयुक्त शिवार अभियानाचा निर्णय ५ डिसेंबर २०१४ चा आहे, तेव्हा त्यापुढची काही वर्षे चाळली तर तलावांच्या पुनरुज्जीवनाचे निर्णय हाती लागतील.

एखादा निर्णय मिळाला की त्याच्या दोन जागा नीट पाहाव्यात. अलीकडच्या निर्णयाच्या शेवटी 'त्याचा संकेतांक असा आहे' या शब्दांत एक लांबलचक अंक दिलेला असतो. त्याचे सुरुवातीचे आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तो अंक संकेतस्थळावर टाकला की नेमका तोच निर्णय उघडतो, म्हणून संदर्भ देताना तो लिहून ठेवावा. आणि निर्णयाच्या सुरुवातीला 'वाचा' किंवा 'संदर्भ' या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक असतात. तेथून एकेक पायरी मागे जात गेलात तर एखाद्या धोरणाचा दोन-तीन दशकांचा प्रवास उलगडतो. माझ्या स्वतःच्या प्रबंधातील धोरणविषयक प्रकरण जवळजवळ पूर्णपणे या 'वाचा'खालील ओळींवर उभे राहिले आहे.

---

ग्रंथपाल_वर्धा

ताईंनी शासन निर्णयांविषयी जे सांगितले त्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. आता पैसे मागणाऱ्या निबंधांचे पाहू.

गूगल स्कॉलरवर निबंधाच्या उजव्या बाजूस पीडीएफचा दुवा दिसतो का, ते प्रथम पाहावे. नसेल तर खालील 'ऑल व्हर्जन्स' उघडावे. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर कुलूपबंद असलेला निबंध लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात पुष्कळदा मोकळा ठेवलेला असतो. ग्रंथालयातील संगणकावर 'अनपेवॉल' हे छोटे विनामूल्य साधन ब्राउझरला जोडून घेतले तर अशी कायदेशीर मोकळी प्रत ते आपोआप दाखवते. त्यानंतर तुमच्या ग्रंथपालांना एन-लिस्टविषयी विचारा. महाविद्यालयांसाठीची ही योजना इन्फ्लिबनेटच चालवते. तुमचे महाविद्यालय सदस्य असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचे वापरनाव आणि पासवर्ड मिळतो आणि घरूनही नियतकालिके वाचता येतात. महाविद्यालय सदस्य असूनही विद्यार्थ्यांना त्याचा पत्ता नसतो, ही आमच्या व्यवसायातील खेदाची गोष्ट आहे. याखेरीज १ जानेवारी २०२५ पासून केंद्र शासनाची 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना सुरू झाली असून तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सुमारे ६,३०० शासकीय संस्थांना खुली झाली आहेत. तुमचे महाविद्यालय खासगी अनुदानित असल्यास हा लाभ थेट मिळेलच असे नाही, परंतु तुम्ही ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी आहात त्याच्या ग्रंथालयात जाऊन निबंध पाहता येतील का, अशी विचारणा महाविद्यालयाच्या पत्रासह अवश्य करा. नागपूरला जाण्यापूर्वी हव्या असलेल्या निबंधांची पूर्ण यादी डीओआयसह तयार असावी, म्हणजे शोधण्यात वेळ न जाता केवळ उतरवून घेण्याचे काम उरते.

हे सर्व करूनही निबंध मिळाला नाही तर लेखकाला नम्र ईमेल लिहावा. आपण कोण, विषय कोणता आणि त्यांचा कोणता निबंध हवा, एवढ्या चार ओळी पुरतात. बहुतेक अभ्यासक आनंदाने प्रत पाठवतात, कारण दूरच्या खेड्यातील विद्यार्थी आपले लेखन वाचू इच्छितो याचे त्यांना समाधानच असते.

एक सूचना नियतकालिकांच्या दर्जाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाची केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे आता निव्वळ यादी पाहून निर्णय करता येत नाही. काही दिवसांत प्रसिद्धीची हमी देऊन शुल्क घेणारी आणि अभियांत्रिकीपासून साहित्यापर्यंत सर्व विषय एकाच अंकात छापणारी नियतकालिके संदर्भासाठी टाळावीत. निबंधात माहिती कोठून आणि कशी गोळा केली हे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर छापील अक्षरांना भुलू नका.

---

झाडीपट्टीचा_अध्यापक

एक मुद्दा राहिला. तुमच्या तालुक्यातील तलावांवर थेट निबंध थोडेच मिळतील, म्हणून निराश न होता एक पायरी वर जाऊन शोधावे. तमिळनाडूतील 'एरी' आणि कर्नाटकातील 'केरे' या गावतलावांच्या सामूहिक पाणीवाटपावर भरपूर लेखन झालेले आहे, आणि सामायिक संसाधनांच्या व्यवस्थापनावरील कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या मांडणीचा आधार घेणारे निबंध शोधले तर तुमच्या गावच्या पाणीवाटपाकडे पाहण्याची चौकट मिळेल.

आणि जे इंटरनेटवर नाही, ते तेथे शोधत बसू नये. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १६१ मध्ये निस्तारपत्रकाची (गावकऱ्यांच्या चराई, जळण अशा सामायिक हक्कांच्या नोंदीची) आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जची (गावच्या रूढींच्या नोंदीची) तरतूद आहे. संहितेचा मजकूर 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर वाचता येतो, आणि कलम १६५ मध्ये सिंचन व मासेमारी यांविषयीच्या गावच्या रूढींचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे तुमच्या प्रकल्पाचे दोन्ही विषय एकाच कलमात आले आहेत. प्रत्यक्ष तुमच्या गावची नोंद मात्र महसूल अभिलेखांत, कागदावरच मिळेल. तिच्यासाठी मार्गदर्शक मॅडमच्या सहीचे पत्र घेऊन तहसील कार्यालयात अर्ज करा, अर्जात गावाचे नाव आणि जुनी तहसील 'साकोली' ही दोन्ही लिहा, आणि नक्कल मिळाली की त्यातील न समजणारे शब्द येथे विचारा. जुन्या दस्तऐवजांतील हिंदी-फारसी शब्द वाचण्यास मी आनंदाने मदत करीन.